तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती ईश्वरविद्या: वाचन सुरू कुठून करू?

राजारामपुरीकर: शिवाजी विद्यापीठात एम.ए. करतोय, लघुप्रबंधाला हा विषय घेतलाय. मध्ययुगातला ख्रिस्ती विचारवंत ॲक्वायनस उघडला की पानोपानी ॲरिस्टॉटल! मग श्रद्धेचं काम नक्की कुठं सुरू होतं? वायल्डर मेमोरियल चर्चसमोरनं रोज जातो. आत जाऊन कुणाला काय विचारावं, कळंना.

मंगळवार पेठ: ॲक्वायनसनं (१२२५–१२७४) रेष स्पष्ट आखलीय. देव आहे, इथवर बुद्धी पोचते. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मात्र प्रकटीकरणाशिवाय, म्हणजे देवानं स्वतः उघड केल्याशिवाय, कळत नाही. त्याच्या ग्रंथातल्या प्रश्नांची मांडणी बघा: आधी आक्षेप, मग 'याउलट', मग स्वतःचं उत्तर, शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-सिद्धान्ताची (आधी विरोधी मत, मग स्वतःचा निर्णय) सवय असेल तर लई सोपं जातं. एकच प्रश्न घ्या, पण अख्खा वाचा.

कागलकर: मी तर्तुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकापासून म्हणेन. अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे तत्त्वज्ञानाचा श्रद्धेशी, काय संबंध, हा त्याचा सवाल. विरोधकाशिवाय प्रबंध उभा राहत नाही. आणि नीळकंठशास्त्री गोरे विसरू नका! ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानातल्या सहा दर्शनांची तर्कानं झाडाझडती घेणारा 'षड्दर्शन दर्पण' हिंदीत लिहिला. श्रद्धेसाठी तर्क कसा राबतो, ते तिथं दिसतं. माझ्या मते तुमचा खरा विषय तोच.

राजारामपुरीकर: गोऱ्यांचं डोक्यातच नव्हतं. उद्याच मार्गदर्शकांशी बोलतो.