मदत हवी आहे : सावळ्या चेहऱ्यावरचे केस काढायला लेझर कोणतं?

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. माझ्या धाकट्या बहिणीला पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाचा त्रास) आहे, हनुवटीवर जाड काळे केस येतात. रंग सावळा, त्यात कापूस वेचायला दिवसभर वावरात, म्हणून चेहरा रापलेला. सारखं थ्रेडिंग करून पुळ्या आन् काळे डाग पडलेत. सोयरीक पाहणं सुरू आहे, पोरगी आरशासमोर उभी राहत नाही. जीव तुटतो माझा.

तिला ऑनलाइन आयपीएलचं, म्हणजे प्रखर प्रकाशाच्या झोतानं केस काढायचं, घरगुती यंत्र मागवायचंय. मी थांबवलं आहे. आयपीएलच्या झोतात अनेक तरंगलांबींचा प्रकाश असतो. केसातलं मेलॅनिन (काळा रंग देणारं द्रव्य) तो शोषतं, तसं सावळ्या कातडीतलंही शोषतं, आणि भाजून डाग पडू शकतात. 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर खोल जातं, वरच्या थरात कमी शोषलं जातं, म्हणून गडद त्वचेला तेच जास्त सुरक्षित मानतात.

आमच्या जवळच्या पार्लरवाल्या ताई फक्त "लेझर आहे" म्हणतात, कोणतं ते सांगत नाहीत. तिथं तर मी तिला नेणारच नाही.

यवतमाळ, अमरावती किंवा नागपुरात एनडी-याग असलेले, आधी छोट्या जागेवर चाचणी करून पाहणारे त्वचारोगतज्ज्ञ कोणाला माहीत आहेत का? एका वेळचा खर्च किती येतो? 810 नॅनोमीटरच्या डायोड लेझरचा सावळ्या चेहऱ्यावर कोणाला अनुभव आहे का? आणि वेचणी संपेपर्यंत थांबावं, की तोंडाला रुमाल बांधून, सनस्क्रीन लावून आताच सुरू करता येईल?