पाच जणांनी एकत्र नाटकाला जायचं कसं जमवता?

प्रश्न (डोंबिवली)
घरात आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. नाटक सगळ्यांना आवडतं, पैसे खर्च करायचीही तयारी आहे, तरी जमत नाही. सावित्रीबाई फुले कलामंदिरात रविवारी दुपारी प्रयोग लागला की नेमकी मुलीची क्लासमध्ये टेस्ट. रात्री साडेआठचा प्रयोग सुटेपर्यंत अकरा वाजून जातात, धाकटा मध्यंतरातच झोपतो. ठाण्याला गडकरीला जावं तर मेगाब्लॉक, आणि सासूबाईंना जिने चढवत नाहीत.

मोबाइलने नाटक मारलं असं लोक म्हणतात, मला नाही पटत. मोबाइल मध्येच थांबवता येतो, म्हणून तो आमच्या घरात टिकतो. नाटकाला पाच जणांचे तेच तीन तास लागतात. आणि मला तेच तर हवे आहेत! तुम्ही कसं जमवता?

उत्तर (मुलुंड)
मी बरीच वर्षं नाटकांच्या दौऱ्यांवर प्रकाशयोजना सांभाळली, म्हणून तिकडची बाजू सांगतो. आमचे बरेच नट आठवडाभर मालिकांच्या शूटिंगला असतात. त्यामुळे सगळ्या संस्थांना शनिवार-रविवारच्याच तारखा हव्या असतात. नाट्यगृहं ठरावीक, मग तुमच्या गावात प्रयोग लागतो महिन्यातून एखादा. तो हुकला की हुकला. बालनाट्यं येतात मे महिन्यात आणि दिवाळीत, तेव्हा निम्मी घरं गावी गेलेली. शिवाय ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून पुढच्या रांगांचा दर बऱ्याचदा तिथेच ठेवतात. पाच जणांचे अडीच हजार झाले, रिक्षा आणि बटाटेवडे वेगळे.

उत्तर (मूळ ब्रह्मपुरी, आता पुणे)
ताई, आमच्या झाडीपट्टीत अजून सगळं घर नाटकाला जातं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. मंडईला लेकी-जावई, सोयरे मुक्कामी येतात, घरात पंधरा-वीस माणसं असतात आणि रात्री गावातच नाटक. नऊ-दहाला सुरू झालेलं पहाटेपर्यंत चालतं. लहान पोरं शाल पांघरून आईच्या मांडीवर झोपतात, लावणी लागली की उठतात, त्यांना कोणी दटावत नाही. म्हातारी माणसं चालत येतात, कंटाळा आला तर चालत घरी जातात. नाटकाच्या संस्थांच्या कचेऱ्या गडचिरोलीतल्या वडशाला. गावकरी तिथे जाऊन आपल्या मंडईची तारीख सांगतात आणि नाटक ठरवतात. झाडीपट्टीतलेच नट परशुराम खुणे, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आमच्याकडे करमणुकीची साधनं कमी म्हणून हे टिकलं, असं पुण्यात मला ऐकवतात. फोन आमच्याही गावात आहेत हो! गावाच्या मोकळ्या दिवसांत नाटक दाराशी येतं. शहरात प्रत्येकाला आपला दिवस मोडून त्याच्याकडे जावं लागतं.

उत्तर (नाशिक)
एक टेस्ट बुडाली तर काही होत नाही. मुलीला न्या.

प्रश्नकर्ती
टेस्ट बुडवायला ती आनंदाने तयार आहे, क्लासच्या सरांशी मी बोलते. मुलुंडचे दादा, सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसहाला तासाभराचं नाटक करायला एखादी हौशी संस्था येईल का? चाळीस-पन्नास घरं वर्गणी काढायला तयार होतील. आणि ब्रह्मपुरीकर, मंडया दिवाळीच्या सुट्टीतच सुरू होतात का? सासूबाई आत्ताच विचारताहेत.

उत्तर (मूळ ब्रह्मपुरी, आता पुणे)
हो, भाऊबीजेपासूनच. जाडजूड स्वेटर आणा, पहाटे थंडी असते.