लग्नपत्रिका कशी छापायची? ऑफसेट, स्क्रीन की फॉइल (घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची चर्चा)

आई: आज अप्पा बळवंत चौकात मी आणि छकुली चार दुकानं फिरलो, पाय मोडले पण शेवटी तीन सॅम्पल आणलीत. एक मरून कागदावर सगळी सोनेरी फॉइलची, एक चकचकीत आर्ट पेपरवर ऑफसेटची आणि एक साध्या क्रीम कागदावर स्क्रीन प्रिंटिंगची. फोटो वर टाकलेत. ३०० छापायच्यात, सगळ्यांनी आजच सांगा बरं.

मामी: वन्सं मरून बघताक्षणी आवडली, पण सगळी फॉइलची नका हो घेऊ. आमच्या मोठ्याच्या लग्नात तीच केली होती. गणपती आणि नावं काय सुरेख उठली, पण खालचा मजकूरही फॉइलमध्येच, बारीक, ट्यूबलाइटखाली धरली की नुसती चकाकते. कोल्हापूरहून सासूबाईंच्या बहिणीने फोन करून मुहूर्त विचारला, पत्रिका त्यांच्या हातातच होती. इतकं वाईट वाटलं मला.

बापूकाका: वहिनी, मामी म्हणतायत ते अगदी बरोबर. फॉइलचा धातूचा ब्लॉक असतो, तो तापवून फॉइल कागदावर दाबतात, त्यात बारीक अक्षरांची पोटं बुजतात. ठ, ळ, ध बघा त्या सॅम्पलमध्ये. फॉइल करायचीच तर फक्त गणपती आणि नवरानवरीच्या नावांना.

आत्या: मग ऑफसेट का नको? रंगीत पण होते आणि स्वस्त.

बापूकाका: हजारभर काढायच्या असत्या तर मीच ऑफसेट म्हटलं असतं ताई. ३०० ला छपाईच्या प्लेट बनवायचा खर्च अंगावर येतो. आणि ऑफसेटची शाई पारदर्शक, गडद कागदावर दिसतच नाही, म्हणून पांढऱ्या कागदावरच मरून रंग छापतात आणि मग घडीवर तो तडकून पांढरी रेघ दिसते. स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, शाई त्यातून दाबून खाली उतरवतात, थर जाड बसतो, बोट फिरवलं की अक्षर लागतं. आईबाबांची १९६८ सालची पत्रिका माझ्याकडे आहे, अक्षरांचे खिळे जुळवून ट्रेडल छपाई यंत्रावर छापलेली, ती मागून चाचपली तर ओळीन् ओळ हाताला लागते. तसं आता सहज मिळणार नाही, पण त्यातल्या त्यात जवळचं स्क्रीनच.

आत्या: आणि हळदकुंकू कुठे लावायचं त्या चकचकीत कागदावर?? ओलं कुंकू नुसतं पसरतं, पुढच्या दहा पत्रिकांना लागतं. पाकिटावर पेनाने नाव लिहिलं तरी फासतं. कागद साधाच हवा वहिनी.

मी (छकुली): क्रीम मला पण आवडली पण मला टेन्शन अक्षरांचं आहे. मी मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला तर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर सगळी जोडाक्षरं फुटली, 'वऱ्हाडी' चं 'वर्‌हाडी', वेलांट्या भलत्याच अक्षरावर. तो म्हणाला टाइप करू नव्याने, आणि केलं तर 'शुभविवाह' चा श आणि 'लग्न' चा ल दोन्ही हिंदी वळणाचे!! मराठी पत्रिकेत पाकळीचा ल आणि देठाचा श नको का?

बापूकाका: हवाच. शाब्बास छकुली. त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात, फोनवरचं युनिकोडमधलं टायपिंग टाकलं की फुटतं. तू घरी तिरो देवनागरी मराठी फॉन्टमध्ये मजकूर लाव, फुकट मिळतो, आणि पीडीएफ करून दे, म्हणजे त्यांना टाइप करायचंच नाही. अक्षर मात्र फार बारीक ठेवू नकोस, स्क्रीनमध्येही जाड शाईने अनुस्वार बुजतात.

दादा: इकडे न्यू जर्सीत मला फक्त इमेज पाठव गं, पण छापील एक ठेव माझ्यासाठी.

आत्या: मजकूर पण बघा हो. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' राहू दे, पण ते जुनं 'शरीरसंबंध' आता नको, 'शुभविवाह' लिहा. आणि 'आहेर आणू नये' स्पष्ट लिहा, पाळायचं असेल तरच.

आई: पाळायचंच आहे. ठरलं मग, क्रीम कागद, स्क्रीन, मजकूर कुंकवासारखा लाल, गणपती आणि दोघांची नावं सोनेरी शाईत. दोन रंगांच्या दोन जाळ्या. ३०० च ना?

बापूकाका: ३५० सांगा वहिनी. नंतर ५० वाढवायच्या म्हटलं तर जाळी परत लावायचा खर्च पुन्हा, आणि लाल रंगाची छटा तीच येईल असं नाही. पहिली प्रत फोनवर पास करू नका, त्याच कागदावर काढून मागा.

आई: भाऊजी तुम्ही येता का शनिवारी? ११ वाजता चौकात. तिथून कसब्याच्या गणपतीला पण जाऊन येऊ, पहिली पत्रिका त्याच्यापुढेच ठेवायची, आधी दर्शन घेऊ.

बापूकाका: येतो. भिंग घेऊन येतो.