सलग पाच पराभव, कोचला काढायचं म्हणतात. कमिटीपुढे बाजू कशी मांडावी?

धंतोलीकर:
आमच्या वस्तीतल्या फुटबॉल क्लबने लीगमधले सलग पाच सामने गमावले. ४ गोल केले, ११ खाल्ले. दोन्ही नेहमीचे सेंटर बॅक (गोलसमोर मधोमध खेळणारे बचावपटू) जखमी आहेत, त्यांच्या जागी सध्या डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (बचावाच्या पुढे मधल्या फळीत खेळणारा) मागे खेळतोय. रविवारी कमिटीची बैठक आहे आणि सगळ्यांचा सूर कोचला काढायचा आहे. माझ्या मते माणूस चांगला आहे, खेळही अगदीच वाईट नाही. पण हे पटवून कसं द्यायचं?

कामठीकर:
भाऊ, ‘त्याला थोडा वेळ द्या’ एवढंच बोलाल तर कोणी ऐकणार नाही. वही घेऊन जा.

सामन्यांचे व्हिडिओ काढा आणि दोन्ही बाजूंचा प्रत्येक शॉट लिहा: मिनिट, जागा, पायाने की डोक्याने, समोर किती जण. मग जागेप्रमाणे अंदाजे किंमत लावा, म्हणजे असा शॉट गोल होण्याची शक्यता. पेनल्टीला पाऊण गोल. सहा यार्डांच्या चौकोनातल्या शॉटला ०.३ ते ०.४, पेनल्टी स्पॉटच्या आसपास ०.१५ ते ०.२, बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) बाहेरून ०.०३ ते ०.०४. हेडर असेल तर त्याच जागेची किंमत जवळपास निम्मी करा.

आता बेरीज करा. तुमची साडेसहा आणि त्यांची सात निघाली, तर ४-११ हा फरक मुख्यतः फिनिशिंगचा आणि गोलकीपिंगचा आहे. पाच सामन्यांत असं होतं आणि कोच बदलला नाही तरी ते हळूहळू सावरतं. त्यांचीच बेरीज अकराच्या घरात गेली, तर मात्र संघ खरोखर मार खातोय. मग बचाव करताना दुसरं काही सांगावं लागेल.

जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडचा २०१४-१५ चा हंगाम बघा. १९ सामन्यांनंतर संघ बुंडेसलिगात (तिथल्या मुख्य लीगमध्ये) तळाला होता. क्लॉपच कोच राहिला आणि हंगाम सातव्या क्रमांकावर संपला.

डावा_विंगर:
कामठीकरांची वही बरोबर आहे, पण अर्धीच. ११ गोल कसे झाले तेही लिहा. समजा चार कॉर्नरवरून झाले आणि चारही वेळा पहिला बॉल हेडरने बाहेर आला, बॉक्सच्या टोकाशी तुमचा एकही माणूस नव्हता आणि तिथूनच शॉट बसला. उंच सेंटर बॅक नसल्यामुळे पहिला हेडर हरता येतो, हे मान्य. पण टोकाची जागा रिकामी राहणं जखमांच्या खात्यात टाकता येत नाही. एकदा झालं तर चूक, चौथ्यांदा तसंच झालं तर त्यावर सराव झालेलाच नाही.

यावर उपाय महागडा नाही. डी च्या (बॉक्सबाहेरच्या अर्धगोलाच्या) टोकावर दोन जण, शॉर्ट कॉर्नरला (जवळच छोटा पास देऊन घेतलेल्या कॉर्नरला) एक आणि सरावात दर वेळी १५ मिनिटं फक्त दोन्ही बाजूंचे कॉर्नर. कोचने हे सुरू केलंय का, ते बैठकीआधी त्यांनाच विचारा.

उशिरा खाल्लेले गोलही मोजा. आपल्याकडच्या उन्हात, काळ्या मातीच्या टणक मैदानावर ७० व्या मिनिटानंतर पाय जडच होतात. पण पहिला बदली खेळाडू ८० व्या मिनिटाला उतरत असेल तर तो निर्णय कोचचाच आहे न? स्पर्धेच्या नियमांत कूलिंग ब्रेक असेल तर दीड ते तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात पाणी आणि एकच सूचना, बस. पाच सूचना दिल्या की एकही डोक्यात राहत नाही.

लाल_स्कार्फ:
धंतोलीकर, तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो मागे ओढलेला मिडफिल्डर. इंग्लंडच्या लिव्हरपूलने २०२०-२१ मध्ये हेच केलं होतं. व्हॅन डाइक, गोमेझ, मॅटिप हे तिघेही सेंटर बॅक जखमी झाल्यावर फाबिन्यो आणि हेंडरसन या मिडफिल्डरना सेंटर बॅक केलं. मागचं भोक बुजलं, पण मधलं फळकूट निघालं. मधून बॉल सुटेनासा झाला आणि घरच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, लीगचे सलग सहा सामने हरले. मार्चमध्ये फाबिन्यो परत मिडफिल्डला आला आणि मागे नॅट फिलिप्ससारखे अननुभवी पण खरे सेंटर बॅक उभे राहिले. हंगाम तिसऱ्या क्रमांकावर संपला. तुमच्या कोचलाही सांगा, ज्युनिअर संघातला उंच पोरगा मागे उभा करा आणि मिडफिल्डरला त्याच्या जागी सोडा.

मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचं उदाहरण (सुरुवात वाईट होती तरी क्लबने धीर धरला आणि पुढे यश आलं) मात्र बैठकीत काढू नका. धीर धरूनही ज्यांचं काहीच झालं नाही, अशी नावं समोरचे लगेच काढतील.

त्यापेक्षा कमिटीला दोन गोष्टी विचारा: नवा कोच कोण, आणि पुढच्या सामन्याआधी त्याला सरावाचे किती दिवस मिळणार? खेळाडू तर तेच राहणार आहेत. मग चार सामन्यांची मुदत मागा, पण ‘दोन जिंका’ अशा अटीवर नको. अटी अशा ठेवा: कॉर्नरवरून जास्तीत जास्त एक गोल, बॉक्समधून समोरच्यांचे शॉट आधीपेक्षा कमी, पहिला बदल ६५ व्या मिनिटाच्या आत.

धंतोलीकर:
व्हिडिओ दोनच सामन्यांचे आहेत. चालेल?

कामठीकर:
शॉटच्या बेरजेला दोन सामने फार कमी आहेत, त्यावर जोर देऊ नका. गोल कसे झाले ते मात्र पाचही सामन्यांचं मिळेल: गोलकीपर आणि कॅप्टन दोघांकडून वेगवेगळं लिहून घ्या, जुळेल तेवढंच वापरा. आणि ते अकरा गोल एका कागदावर मैदानाचं चित्र काढून दाखवा. कमिटीवाले आकड्यांपेक्षा चित्र लवकर बघतात.