लग्नच नको म्हणणारे शेकर : येडपट म्हणून मोकळं व्हायचं?

खिडकीतली : काल इथे कुणीतरी लिहून गेलंय, 'शेकर म्हणजे लग्न बंद करून स्वतःच बुडालेला येडपट पंथ.' डोकंच फिरलं. शेकर म्हणजे ब्रह्मचर्य पाळून वसाहतींत एकत्र राहणारा ख्रिस्ती पंथ. अ‍ॅन ली ही त्यांची पुढारी; इंग्लंडमधल्या मँचेस्टरची, लोहाराची बायको. चार मुलं झाली, चारही लहानपणीच गेली. अशा बाईने 'शरीरसंबंधच नको' म्हटलं तर तिला येडपट म्हणायचं? १७७४मध्ये आठ माणसं घेऊन ती न्यूयॉर्कला उतरली. पुढे त्यांच्या वसाहतींत जमीनजुमला सगळ्यांचा सामाईक, आणि कारभार बघायला पुरुषांच्या बरोबरीने बायका. तेव्हा बाकी अमेरिकेत लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं असं काय होतं?

तिरकस_तात्या : ते वाक्य माझंच. अजूनही तेच म्हणतो. मुलं दुसऱ्यांनी जन्माला घालायची, यांनी अनाथ म्हणून सांभाळायची, आणि मोठी झाली की त्यातली बरीचशी निघून जायची. अमेरिकेतल्या मेन राज्यात सॅबथडे लेक नावाच्या त्यांच्या वसाहतीत आज बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आणि बरोबरी कसली? स्वयंपाक, धुणी बायकांकडेच!

खिडकीतली : पण आळीपाळीने. आमच्या घरात आईची पाळी कधी संपलीच नाही.

ओट्यावरून : शेकर हे नाव माझ्यासमोर काढू नका! किचन करून देणाऱ्याने 'शेकर स्टाइल' म्हणून दारं गळ्यात मारली. चारी बाजूंनी पट्ट्या, मधली फळी खोलगट. फोडणीचं तेल आणि धूळ नेमकी त्या खाचेत बसते. दर रविवारी मी टूथपिक घेऊन बसते. साधेपणा म्हणे!

खिडकीतली : ताई, तो दोष शेकरांचा नाही. मी हॅन्कॉकला, त्यांच्या अमेरिकेतल्या जुन्या वसाहतीत, जाऊन आलेय. खोलीभर भिंतीला खुंट्यांची पट्टी असते. केर काढताना खुर्च्या तिथे टांगायच्या, त्याही उलट्या, म्हणजे बैठकीवर धूळ नको.

तिरकस_तात्या : उलट्या खुर्च्या! पंथाचं बोधचिन्हच ठेवायचं होतं.

ओट्यावरून : तात्या, घरी केर कोण काढतं तेवढं सांगा, मग विनोद करा.

माहेरवाशीण७२ : खुंट्या राहू द्या. युनिस चॅपमनचं काय? नवरा तिची तिन्ही मुलं घेऊन शेकरांत गेला. ती थेट न्यूयॉर्कच्या विधिमंडळापर्यंत लढली, १८१८मध्ये खास तिच्यासाठी कायदा झाला तेव्हा कुठे घटस्फोट मिळाला. माझे काका 'संसार असार' म्हणत आश्रमात गेले. काकूने शिवणावर घर चालवलं आणि दर दिवाळीला त्यांचा पाट मांडत राहिली. त्यामुळे वैराग्याचं कौतुक मला सांगू नका.

खिडकीतली : युनिसचं मान्य. मुलांवर बापाचा हक्क हा कायदा शेकरांचा नव्हता, देशाचाच होता. पण त्याच्या आड ते लपले, हेही खरंच. तरी मार खाणाऱ्या, विधवा, कर्जात बुडालेल्या बायकांना दुसरं दार कुठलं होतं?

माहेरवाशीण७२ : दार होतं. पोरांना ते आतून बंद होतं.

तिरकस_तात्या : बरं, माझ्याकडून एक श्रेय घ्या. चपटा झाडू आणि कागदी पुड्यांतलं बियाणं, दोन्हीत ते पटाईत. येडपट मागे घेतो, 'हिशेबी येडपट' ठेवतो.

खिडकीतली : मोठे उपकार झाले.

ओट्यावरून : सगळं खरं, पण खाचेतलं तेल कशाने काढू? खायचा सोडा लावला तर रंगच गेला.