गुलाबावर भुरी, गंधक मारलं तर पानंच करपली

प्रश्न (मिरज):
गच्चीवर गुलाबाच्या 8 कुंड्या आणि झिनियाच्या 3 आहेत. दिवाळीनंतर गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं आलंय. पानं वळतात, कळ्या वाकड्या होतात. झिनियाची खालची पानं तर पांढरीफटक. निंबोळी तेल मारलं, फरक नाही. चार दिवसांनी द्राक्षबागेतलं उरलेलं 80 टक्के गंधक चमचाभर, दीड लिटर पाण्यात, भर दुपारी मारलं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आता काय करू?

उत्तर 1:
गंधकाचा दोष नाही, वेळ चुकली. तेल आणि गंधक यांत किमान 14 दिवसांचं अंतर हवं, नाहीतर पान भाजतं. 32 अंशांच्या वर पारा असताना नुसतं गंधकही चटका देतं. प्रमाण लिटरला 2 ग्रॅम. चमच्याचा अंदाज फसतो, वजनकाट्यावर मोजा. ऊन चढायच्या आत किंवा दिवस कलल्यावर, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असं मारा. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. नवीन फूट स्वच्छ निघतेय का, तेवढं बघा.

उत्तर 2:
आधी ही भुरीच, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी, आहे ना, हे पक्कं करा. बोटानं पुसल्यावर पीठ निघालं तर भुरी. गुलाबाच्या पानावर शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे जांभळट डाग, खाली राखाडी लव आणि पानगळ असेल तर तो केवडा रोग, आपल्याकडचे द्राक्षवाले डाऊनी म्हणतात तो. त्यावर गंधक वाया जातं; तिथं मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम, तेही रोग पसरायच्या आधी.

दोघांचा स्वभाव उलटा आहे. केवड्याला पान तासन् तास ओलं लागतं. भुरीच्या बीजाणूला रुजायला पाण्याचा थेंब लागत नाही, रात्रीची दमट हवा पुरते. म्हणून धो धो पावसात ती दबते, आणि दिवसा कोरडं, रात्री दमट असं हवामान आलं की उसळते.

प्रश्नकर्ता:
पुसल्यावर पीठ निघतंय, भुरीच. कुंड्या एकमेकींना खेटून आहेत. दर पंधरवड्याला युरियाही देतो.

उत्तर 3:
मग युरिया आधी बंद करा. लुसलुशीत फूट म्हणजे भुरीला मेजवानी. रोगट शेंडे 2-3 इंच खालून छाटा, मधल्या गुंतलेल्या फांद्या काढा, कुंड्यांत हातभर अंतर ठेवा. छाटलेलं कंपोस्टात टाकू नका. पाणी सकाळी, बुंध्याशी. झिनियाचा हंगाम संपतच आलाय, औषधाचा खर्च करण्यापेक्षा उपटून टाका.

तेलाचे 14 दिवस होईपर्यंत गंधक नको. तोवर एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, उन्हाच्या दिवशी सकाळी. हे सुरुवातीच्या भुरीवर चालतं, पान पांढरंफटक झाल्यावर नाही. खाण्याचा सोडा मात्र वारंवार नको, कुंडीच्या मातीत क्षार साठतात. गंधकानंही आवरली नाही तर हेक्साकोनॅझोल 5 टक्के हे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं बुरशीनाशक, लिटरला 1 मिली, एकदाच. पुढची फवारणी पुन्हा गंधकाची. एकच आंतरप्रवाही औषध सारखं मारलं की बुरशी त्याला जुमानत नाही.

आणि हो, फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला घेऊ नका.