चिनी अक्षरं: रेघांच्या क्रमाची सक्ती पहिल्या दिवसापासून हवी का?

बोरू:
चिनी शिकायला सुरुवात करणाऱ्यांना हल्ली सर्रास सांगतात, 'अक्षर ओळखू आलं की झालं, रेघा कशाही ओढा.' मला हे साफ अमान्य आहे. 'तोंड' या अर्थाचा साधा चौकोन घ्या. त्यात रेघा ३: डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून हात न उचलता एक, शेवटी तळाची. नवशिका चारही बाजू सुट्या काढतो. दिसायला फरक नाही, पण मोजणी चुकते आणि कोशाच्या सूचीत तो ४ रेघांच्या गटात शोधत बसतो. हा चौकोन शेकडो अक्षरांत येतो. चूकही तितक्या ठिकाणी पोचते.

टाकदौत:
मोजणी जरूर शिकवा, क्रमाची सक्ती कशाला? आज बहुतेक लेखन म्हणजे रोमन लिपीत उच्चार टाइप करायचा आणि यादीतून अक्षर निवडायचं. २०२१ च्या एचएसके (परदेशी शिकणाऱ्यांसाठीची चिनी भाषेची परीक्षा) निकषांतही ओळखायची अक्षरं ३०००, हाताने लिहायची फक्त १२००. शिवाय 'योग्य' म्हणजे कुणाचं? 'राजा' चीनमध्ये आडवी, आडवी, उभी, आडवी. जपानमध्ये आडवी, उभी, आडवी, आडवी. 'उजवा' चीनमध्ये आडव्या रेघेने सुरू होतो, जपानमध्ये तिरप्या. पुण्यात आधी जपानी शिकून मग चिनीकडे वळणाऱ्यांनी बसलेला हात पुन्हा मोडायचा का?

बोरू:
प्रमाणं दोन आहेत म्हणून प्रमाणच नको, हे कसं? चीनने १९९७ साली ७००० अक्षरांचा क्रम ठरवला आणि २०२० मध्ये ८१०५ अक्षरांचा. जी भाषा शिकतोय तिचा क्रम धरावा.

गिरवणी:
टाकदौत, क्रम हाताच्या प्रवासातून आलाय, ते तुमच्या लक्षात येत नाहीये. 'गाडी' एकटी असते तेव्हा शेवटची रेघ उभी. तीच दुसऱ्या अक्षराच्या डाव्या भागात बसली की उभी आधी येते आणि शेवटची रेघ खालून वर, उजवीकडे चढते. पेन थेट उजवा भाग जिथे सुरू होतो तिकडे निघतं. 'बैल'चंही तसंच. हा बदल न शिकलेला माणूस तिथे सपाट लांब आडवी ओढतो, ती उजव्या भागात घुसते आणि अख्खं अक्षर चौकटीबाहेर सांडतं. मग तो म्हणतो, माझं अक्षरच वाईट! 'देश' लिहिताना तर बाहेरच्या चौकोनाचं दार, म्हणजे तळाची रेघ, आधी बंद करून मोकळे होतात. आत ५ रेघा बसवायच्या असतात, त्या चेंगरतात. तळाची रेघ शेवटी का, ते एवढ्यावरून कळावं.

टाकदौत:
पटलं, 'गाडी'चं उदाहरण चांगलं आहे. पण नियम म्हणून जे पाठ करून घेतात ते टिकत नाहीत. 'लहान' आणि 'पाणी' यांत मधली रेघ आधी, म्हणून 'मध्य आधी' घोकवतात. लगेच 'विस्तव' येतो: दोन्ही बाजूंच्या छोट्या रेघा आधी, मधला 'माणूस' नंतर. त्यापेक्षा वारंवार येणारे घटक एकेक करून बसवा आणि परीक्षेत क्रमाचे गुण कापू नका.

अक्षरवेल:
क्रमाचा रोकडा उपयोग सांगते. उच्चारच माहीत नसेल तर रोमन टायपिंग काय कामाचं? मोबाइलवर रेघांनी टाइप करायची सोय असते, तिथे कळा पाचच: १ आडवी, २ उभी, ३ डावीकडे उतरणारी, ४ ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी, ५ वळण. चढती रेघ १ मध्येच. 'विस्तव' म्हणजे ४३३४, 'लहान' २३४, 'राजा' ११२१. जपानी सवयीने १२११ दाबलंत तर 'राजा' मिळायचा नाही.

टाकदौत:
हे मान्य. तरी ओळभर वीस वेळा गिरवायला लावणं बंद करा. तिसऱ्या-चौथ्या घरापासून डोळा फक्त शेजारचं घर बघतो, आणि कंटाळलेला माणूस आधी ओळभर डावे भाग काढून मग उजवे भरत जातो. क्रम तिथेच संपला.

गिरवणी:
यावर आपलं एकमत. ३ वेळा बघून, मग नमुना झाकून २ वेळा, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या चौकटीत एकदा. अडलं तर ज्या रेघेपाशी हात थांबला तिथे खूण करा. पुढचा सराव तेवढ्याच घटकाचा.